साठ टनांच्या गर्डरला पाचशे टनांची क्रेन का लागते?

मुंबईत पुलाचा गर्डर, म्हणजे खांबांवर टेकणारी लांब तुळई, चढतो तो बहुधा मध्यरात्रीनंतर. मेट्रोचा मार्ग असो, रेल्वेवरचा पूल असो वा नाल्यावरचा रस्ता रुंद करायचा असो, वाहतूक थांबवून, दिवे लावून, आठ ॲक्सलची एक अजस्र क्रेन रस्त्यात पाय पसरून उभी केली जाते. थांबून बघणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतोच, ‘साठ टनांच्या गर्डरला पाचशे टनांची क्रेन? एवढा खर्च कशाला?’ प्रश्न रास्त आहे. याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसलेला माणूस क्रेन मागवायच्या खुर्चीवर बसला तर मात्र जीवावर बेतू शकते, म्हणून ते सविस्तर मांडतो.

‘पाचशे टनी’ हा आकडा खोटा नाही, पण तो एका ठरावीक स्थितीतला आहे. बूम, म्हणजे क्रेनचा हात, सर्वांत आखूड, सगळे काउंटरवेट, म्हणजे तोल राखायला मागे लावायची वजने, चढवलेले, आधाराचे पाय पूर्ण बाहेर काढलेले आणि वजन क्रेनच्या मध्यापासून जेमतेम तीन मीटरवर. तीन मीटर म्हणजे जवळजवळ क्रेनच्या अंगावरच. पुलाचा गर्डर त्या जागी कधीच नसतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई सहज चालत जाते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दोन क्षणांत खांदा भरून येईल. पाणी तेवढेच, कळशी तीच, बदलले ते अंतर. क्रेनचेही असेच आहे. ती जिथे गोल फिरते तो मध्य आणि हुकाला लटकलेले वजन यांच्यातल्या आडव्या अंतराला साइटवर रेडियस म्हणतात. रेडियस वाढला की ताकद झपाट्याने घटते. पाचशे टनी टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या बूमची) क्रेन वीस मीटरवर साधारण शंभर टनांच्या आतच उचलते. बूम आणखी लांब केली तर त्याहून कमी.

हे सगळे लोड चार्टमध्ये लिहिलेले असते. एका बाजूला रेडियस, दुसऱ्या बाजूला बूमची लांबी, आणि दोन्ही जुळतात त्या चौकटीत परवानगीचे वजन. एकाच क्रेनचे असे अनेक चार्ट असतात. काउंटरवेट किती लावले, पाय पूर्ण बाहेर आहेत की अर्धे, यावर कुठला चार्ट वाचायचा ते ठरते. भाड्याने क्रेन घेताना कागदावर १३५ टनांच्या काउंटरवेटचा चार्ट जोडलेला असतो आणि साइटवर ट्रेलरमधून प्रत्यक्षात त्याहून कमी येते, असे घडू शकते. म्हणून आलेल्या काउंटरवेटच्या पाट्या मोजून, त्याच मांडणीचा चार्ट हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्याला पर्याय नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण प्रमाण खरे आहे. तीस मीटर लांबीचा काँक्रीटचा आय-गर्डर (इंग्रजी I आकाराच्या छेदाचा) ड्रॉइंगवर ५८ टनांचा. प्रत्यक्षात साचा थोडा फुगतो, लोखंड आणि इन्सर्ट जास्तीचे बसतात, म्हणून ६० धरा. त्यात हूक ब्लॉकचे (हूक आणि त्याच्या कप्प्यांचे) दीड टन, स्लिंग (उचलायचे दोर) आणि शॅकलचा (ते अडकवायच्या कड्यांचा) एक टन, गर्डर सरळ उचलायला लागणाऱ्या स्प्रेडर बीमचे (आडव्या दांड्याचे) अडीच टन. झाले ६५. क्रेनच्या दृष्टीने वजन म्हणजे हुकाखाली आणि हुकासकट जे जे लटकते ते सगळे. नुसते गर्डरचे वजन घेऊन चार्ट वाचणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

मग रेडियस. क्रेनचे पाय पसरले की तिच्या मध्यापासून पायापर्यंतच पाच मीटर जातात. पायाजवळ खांबाच्या पाइल कॅपसाठी (खांबाखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यासाठी) खणलेला खड्डा असतो, त्यापासून दोन-तीन मीटर दूर राहायला हवे. तिथून गर्डर बसायची जागा आणखी पाच-सहा मीटर. झाले तेरा-चौदा मीटर. ट्रेलर गर्डर घेऊन उभा राहणार तो कुठे? त्याला जागा नसेल तर उचलतानाचा रेडियस बसवतानाच्या रेडियसपेक्षा मोठा असू शकतो, आणि क्रेन निवडायची ती दोहोंपैकी वाईट स्थितीवरून. वजन येताच बूम किंचित वाकते आणि टोक पुढे झुकते, म्हणजे रेडियस आपोआप वाढतो. तेही हिशेबात धरायचे.

उंची बघू. खांब बारा मीटर, गर्डर दोन मीटर, वर स्लिंग आणि स्प्रेडरचे सहा-सात, हूक ब्लॉकला आणि मोकळीक म्हणून आणखी तीन. बूमचे टोक जमिनीपासून तेवीस-चोवीस मीटरवर. बूम तीस मीटरच्या आसपास काढावी लागणार. आता चार्ट उघडला की पाचशे टनी क्रेन चौदा मीटरवर शंभरेक टन दाखवते आणि आपले ६५ टन त्याच्या दोन-तृतीयांशात बसतात. एवढी मोकळीक रात्रीच्या कामाला हवीच. दीडशे टनी क्रेनचा चार्ट त्याच जागी बघितला, तर ६५ टन कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. रस्त्यावर उभ्या राहून प्रश्न विचारणाऱ्याला द्यायचे उत्तर हेच.

‘मग दोन लहान क्रेन लावा,’ असा पुढचा सल्ला असतो. लावतात. मुंबई मेट्रोचे यू-गर्डर अनेक ठिकाणी दोन क्रेननी दोन टोकांना धरूनच चढवले गेले. लांब गर्डरला ही पद्धत मानवते, कारण स्लिंग जवळजवळ उभ्या राहतात आणि गर्डर मध्ये चेपला जात नाही. एकाच हुकातून दोन तिरप्या स्लिंग टाकल्या तर काय होते ते बघा. स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांवर असेल तर प्रत्येकीत एकूण वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, ४५ अंशांवर ७१ टक्के आणि ३० अंशांवर पूर्ण शंभर टक्के. शिवाय गर्डर दोन्ही बाजूंनी आत दाबला जातो, आणि स्लिंग जितकी आडवी तितका हा दाब जास्त. लांब, अरुंद आय-गर्डर अशा दाबाखाली आडवा वाकून मोडू शकतो.

पण दोन क्रेन म्हणजे दुप्पट ताकद नव्हे. एक क्रेन थोडी आधी वर गेली किंवा थोडी जास्त फिरली, की वजन दुसरीकडे सरकते आणि हूक तिरका ओढला जातो. बूम उभा भार पेलायला घडवलेली असते, आडव्या ओढीला ती फार दुबळी. म्हणून दोन क्रेनच्या कामात प्रत्येकीला चार्टच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांहून जास्त वजन देत नाहीत. समजा दोनशे टनी दोन क्रेन आहेत, बारा मीटरवर प्रत्येकी ४७ टन उचलतात. ऐंशी टक्के धरले तर साडेसदतीस. वाट्याला येणारे अर्धे वजन, दोन हूक ब्लॉक धरून, ३४. बसते. आता खड्ड्यामुळे एका क्रेनला दोन मीटर मागे उभे राहावे लागले आणि चार्ट ३९ वर आला, तर परवानगी ३१ वर येते आणि तीच क्रेन अपुरी पडते. दोन मीटरमध्ये सगळा बेत कोलमडतो. म्हणून दोन क्रेनच्या कामात पाय टेकवायच्या जागा आदल्या दिवशी चुन्याने आखून घेतात आणि रात्री कोणालाही त्या बदलू देत नाहीत. दोन्ही ऑपरेटरना हुकूम एकाच माणसाचा. दोघे दोन वेगवेगळ्या सिग्नलमनकडे बघत असतील, तर काम थांबवावे.

आता मुंबईच्या खास अडचणीकडे, म्हणजे जमिनीकडे वळू. हा माझ्या मते क्रेन-निवडीतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. क्रेन क्वचितच बूम मोडून पडते. बऱ्याचदा ती पायाखालची जमीन खचून कलंडते. वरच्या उदाहरणातली क्रेन स्वतः ९६ टनांची, काउंटरवेट १३५, हुकाखाली ६५. सुमारे ३०० टन. बूम एका कोपऱ्यावर फिरली की यातला निम्म्याहून जास्त भार एकाच पायावर येतो, म्हणजे दीडशे टन किंवा त्याहूनही अधिक. हा पाय अडीच मीटर चौरस मॅटवर, म्हणजे पायाखालच्या जाड पाटावर, टेकवला, तर दर चौरस मीटरला चोवीस टन. घट्ट दाबलेल्या मुरमाड जमिनीला हे कदाचित झेपेल. पण या शहराचा मोठा भाग बेटांमधल्या खाड्या बुजवून, भराव घालून उभा आहे. वर डांबर, खाली भराव, त्याखाली समुद्राचा काळा चिखल. अशा जागी मॅट चार मीटर चौरस घ्यावी लागते, म्हणजे दाब नऊ-साडेनऊ टनांवर येतो. नुसते चार लाकडी स्लीपर रचले की झाले, हा समज धोक्याचा आहे. स्लीपर एकाच दिशेने रचले आणि कडेला वाकले, तर भार मधल्या दोनांवरच जातो आणि बाकीचे लाकूड शोभेला उरते.

त्यातही रस्त्याखाली काय आहे हे वरून दिसत नाही. जुने पर्जन्यनाले, जलवाहिन्या, वीज आणि टेलिफोनच्या केबल, गॅसच्या नळ्या. विटांच्या कमानीचा शंभर वर्षांचा नाला बसच्या चाकाला आयुष्यभर टिकतो, पण दीडशे टनांच्या एका ठिपक्याला तो टिकेलच असे नाही. म्हणून क्रेन उभी करायच्या जागी आधी ट्रायल पिट खणून बघतात, पालिकेकडून खालच्या वाहिन्यांचे नकाशे घेतात आणि शंका असेल तर पाय दुसरीकडे नेतात. पाय हलले की रेडियस बदलला, रेडियस बदलला की क्रेनच बदलू शकते. क्रेनची निवड गर्डरच्या वजनापासून नव्हे, तर उभे राहायच्या जागेपासून सुरू करायची ती यासाठीच. वजन काय, ते ड्रॉइंगवर मिळते. जागा मात्र स्वतः जाऊन बघावी लागते, तीही दिवसा, आणि शक्य झाल्यास पावसानंतर.

क्रेनच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. रस्त्यावर स्वतः धावत येणारी टेलिस्कोपिक क्रेन शहरात सोयीची: रात्री येते, पाय पसरते, सकाळपर्यंत निघून जाते. मात्र तिचे काउंटरवेट घेऊन आणखी ट्रेलर येतात, त्यांना वळायला आणि उभे राहायला जागा लागते, हे विसरू नये. साखळीपट्ट्यांवर चालणारी क्रॉलर क्रेन, जाळीदार बूमची, दूरच्या रेडियसवर जास्त उचलते आणि हुकाला वजन असताना चालूही शकते. पण ती तुकड्यांत येते, जोडायला दुसरी क्रेन आणि काही दिवस लागतात, आणि तिला सपाट, घट्ट दाबलेली वाट हवी. एकाच जागी महिनोन् महिने काम असेल तर ती परवडते. उंच पायलॉनसाठी (पुलाच्या केबल धरणाऱ्या मनोऱ्यांसाठी) टॉवर क्रेन, कास्टिंग यार्डात रुळांवरची गँट्री.

राहिली हायड्रा. बारा-पंधरा टनांची, पुढे बूम असलेली, वजन घेऊन चालणारी ही गाडी मुंबईच्या प्रत्येक साइटवर दिसते. लोखंडाच्या सळया, शटरिंगच्या प्लेटा इकडून तिकडे न्यायला ती ठीक. पण पुढच्या लटकत्या वजनाने चालकाची नजर अडते, वजन झोके खाते, आणि ते आवरायला माणसे हाताने धरून सोबत चालतात. वळताना ती कलंडते. अनेक मोठ्या कामांवर तिला आता बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. गर्डरच्या आसपासच्या कुठल्याही उचलकामात तिला जागा नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेल्वेवरचा पूल असला की निवडीत वेळ शिरते. शेवटची लोकल गेल्यानंतर पहिली लोकल सुटेपर्यंत मोजके तास. त्यात आधी ओव्हरहेड वायरचा २५,००० व्होल्टचा पुरवठा बंद करून ती अर्थ करायची (जमिनीला जोडायची), मग उचलायचे, बसवायचे, आधार पक्के करायचे, बूम बाहेर काढायची, पुन्हा पुरवठा चालू करायचा. उचलण्याला प्रत्यक्षात तासभर मिळतो. अशा कामात चार्टवर ऐंशी टक्के भरलेली क्रेन नको, कारण तिला प्रत्येक हालचाल जपून आणि सावकाश करावी लागते. मोठी घ्यावी. हायड्रॉलिक पाइप फुटला तर पर्याय हवा, म्हणून दुसरी क्रेन किंवा निदान मेकॅनिक आणि सुटे भाग जवळ ठेवतात. अर्धवट लटकलेला गर्डर रुळांवर असताना लोकल थांबून राहिल्या, तर लाखो माणसांची सकाळ अडते.

काही वेळा मात्र क्रेन न वापरणे हीच खरी निवड ठरते. अंधेरीच्या गोखले पुलाचे लोखंडी गर्डर ९० मीटर लांबीचे आणि प्रत्येकी सुमारे १३०० टनांचे होते. रुळांच्या अशा गर्दीत ते एकदम उचलेल अशी क्रेन उभी करायला जागाच नव्हती. म्हणून पहिला गर्डर सुट्या भागांतून बाजूच्या उंच मचाणावर जोडला, डिसेंबर २०२३मध्ये ब्लॉक घेऊन, म्हणजे रेल्वे वाहतूक काही तास बंद ठेवून, रुळांवरून पलीकडे सरकवला, मग बाजूला नेऊन जॅकने सात मीटरांहून जास्त खाली उतरवला. क्रेन होत्याच, पण सुटे भाग जोडण्यापुरत्या. दहा-वीस टनांचे तुकडे उचलायला मध्यम क्रेन पुरते. मोठे वजन लहान तुकड्यांत विभागता येत असेल, तर क्रेनही लहान होते. त्याची किंमत मात्र वेळेत आणि मचाणात मोजावी लागते.

समुद्रात गणित आणखी बदलते. कोस्टल रोडला वरळीत सी लिंकशी जोडणारी पहिली कमान एप्रिल २०२४मध्ये बसली, १३६ मीटरची आणि सुमारे २००० टनांची. दुसरी मे महिन्यात, १४३ मीटर आणि सुमारे २५०० टन. दोन्ही न्हाव्याहून तराफ्यावरून आल्या. भरतीला तराफा खांबांच्या मध्ये आणायचा आणि ओहोटीला पाणी उतरू लागले की कमान खांबांवर टेकवायची. उचलण्याचे काम समुद्राने केले. इथे लोड चार्टच्या जागी भरती-ओहोटीचे कोष्टक येते. तारीख चुकली की पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबायचे, आणि जूनमध्ये दर्या खवळण्यापूर्वी उरकायचे.

लांबच लांब पुलावर सारखेच गाळे असतील तर खांबांवरूनच पुढे सरकणारे लाँचिंग गर्डर वापरतात. खालच्या रस्त्यावर क्रेन नको, वाहतूक बरीचशी चालू राहते. पण हे यंत्रही क्रेनइतकेच, किंबहुना जास्त जपण्याचे. ३१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर असे यंत्र गर्डरसकट कोसळले आणि २० माणसे गेली. पोटासाठी परराज्यांतून आलेली माणसे होती त्यांत. यंत्र निवडताना ते कितीपर्यंत उचलते याबरोबरच ते स्वतः एका खांबावरून दुसऱ्यावर जाताना कशावर टेकलेले असते, हे प्रत्येक टप्प्याला तपासायला हवे.

वाऱ्याचे फार लांबवत नाही. प्रत्येक क्रेनला वाऱ्याची मर्यादा लिहून दिलेली असते, पण ती सर्वसाधारण वजनासाठी. तीस मीटरचा गर्डर शिडासारखा वारा पकडतो, त्यामुळे मर्यादा आणखी खाली आणावी लागते. वरळीच्या किनाऱ्याला, शिवडी-ऐरोलीच्या खाडीकडेला जमिनीवर शांत वाटले तरी वर झोत असतो; वाऱ्याचा मीटर बूमच्या टोकाला हवा, जमिनीवर नव्हे.

भाड्याने क्रेन घेताना दर, डिझेल कोणाचे, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, यावर तासन् तास चर्चा होते. त्याच बैठकीत चार गोष्टी विचारून घ्याव्यात: तपासणीचा दाखला मुदतीत आहे का, वजन आणि रेडियस दाखवणारा इंडिकेटर चालू आहे का, की त्याची वायर काढून ठेवली आहे, वायर रोपचे धागे तुटलेले नाहीत ना, आणि येणारा ऑपरेटर याच मॉडेलवर काम केलेला आहे का. शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. रात्री तीन वाजता, अभियंता अधीर झालेला असताना ‘साहेब, हे होणार नाही’ म्हणणारा ऑपरेटर लाखमोलाचा. तो भाड्याच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून निवडताना त्याच्याशी बोलून घ्यावे.

आणि सर्वांत अवघड निवड नवा पूल उभारताना नाही, जुना उतरवताना असते. मशीद बंदरजवळचा १८६८चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये काढला. अशा पुलाचे ड्रॉइंग असले तरी दीडशे वर्षांत त्यावर काय काय चढले असेल सांगता येत नाही: डांबराचे थरावर थर, बंद पडलेल्या नळ्या, नंतर जोडलेल्या प्लेटा. गंजाने एकीकडे लोखंड खाल्लेले असते, म्हणून स्लिंग कुठे अडकवायची हाही प्रश्न. इथे क्रेन हिशेबापेक्षा बरीच मोठी घेतात आणि तुकडे हिशेबापेक्षा लहान कापतात. शेवटचा कट मारण्याआधी क्रेनवर थोडा ताण घेऊन ठेवतात, म्हणजे तुकडा सुटताना धक्का बसत नाही. पहिला तुकडा सुटला की तो हातभर वर घेऊन थांबायचे आणि इंडिकेटरवर वजन वाचायचे. अंदाज वीस टनांचा आणि आकडा सव्वीस दाखवत असेल, तर तुकडा परत टेकवून सगळ्या खुणा नव्याने आखायच्या आणि पुढचे तुकडे आणखी आखूड कापायचे, ब्लॉकचे कितीही तास उरले असोत.